हायबरनेटमधून उठल्यावर थंब मशीन, टचपॅड, वायफाय गप्प का होतात आणि तेव्हा काय करायचं

लाईन जायच्या बेतात असली, यूपीएस टीं-टीं करायला लागला, की गावातल्या सेवा केंद्रात सगळ्यात कामाचं बटण म्हणजे हायबरनेट. उघडलेल्या एक्सेल फायली, अर्धवट टाइप केलेला ग्रामसभेचा ठराव, सगळं डिस्कवर लिहून कॉम्प्युटर पूर्ण बंद होतो आणि लाईन आली की होतं तसं समोर येतं. परत येत नाही ते एखादं यंत्र. टचपॅडवर बोट फिरवलं तरी बाण हलत नाही. वायफायचं चिन्हच गायब होतं. रांगेतले काका तिसऱ्यांदा अंगठा टेकवून सांगतात, "भाऊ, थंब लागूनच नाही रायला." कधी याच्या उलट होतं. यंत्रं सगळी दिसतात, पण पंखा जोरात फिरत राहतो आणि एक फाइल उघडायला मिनिट लागतं.

तालुक्याच्या दुकानात यावर ठरलेलं उत्तर मिळतं, "फॉरमॅट मारून घ्या." बहुतेक वेळा त्याची गरज नसते. झोपेतून उठताना यंत्र आणि त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते यंत्र चालवणारा छोटा प्रोग्राम, यांची गाठ पुन्हा पडलेली नसते, एवढाच हा बिघाड आहे आणि तो घरी बसून शोधता येतो. पुढचं सगळं विंडोज १० आणि ११ धरून लिहिलं आहे, शेवटी थोडं लिनक्सबद्दल. बटणांची नावं आणि कमांड उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. पडद्यावर त्या इंग्रजीत दिसतील आणि टाइपही इंग्रजीतच करायच्या.

आधी इंटरप्ट समजून घ्या

केंद्रचालक मान खाली घालून फॉर्म भरत असतो. दर मिनिटाला दाराकडे बघत बसला तर काम होणार नाही. कोणी आलं की "भाऊ" अशी हाक येते, तो ओळीवर बोट ठेवतो, आलेल्याचं ऐकून घेतो आणि परत त्याच ओळीवर येतो. प्रोसेसरला यंत्रांकडून येणारी अशी हाक म्हणजे इंटरप्ट.

१९८१ च्या आयबीएम पीसीत या हाकेसाठी ८ तारा होत्या, १९८४ च्या एटी मॉडेलमध्ये त्या १६ झाल्या. कीबोर्डला १ नंबर तेव्हापासूनचा, जुन्या गोल पिनच्या माउसला १२ नंबर १९८७ च्या पीएस/२ मॉडेलपासूनचा, आजच्या कित्येक लॅपटॉपमध्येही ही वाटणी दिसते. नवीन यंत्रांना मात्र, म्हणजे वायफाय कार्ड, एनव्हीएमई (नव्या प्रकारची वेगवान) डिस्क, यूएसबी कंट्रोलर यांना, वेगळी तार लागत नाही. ती ठरवून दिलेल्या पत्त्यावर एक आकडा लिहितात आणि त्यालाच प्रोसेसर हाक समजतो. या पद्धतीला एमएसआय म्हणतात.

गोम इथेच आहे. कोणत्या पत्त्यावर कोणता आकडा लिहायचा, हे त्या यंत्राच्या आतल्या छोट्या रजिस्टरांमध्ये, म्हणजे आकडे साठवायच्या कप्प्यांमध्ये, भरलेलं असतं. साध्या स्लीपमध्ये रॅमला वीज मिळत राहते. हायबरनेटमध्ये रॅमची प्रत डिस्कवर जाते आणि वीज तोडली जाते, त्यामुळे रजिस्टरं कोरी होतात. उठताना बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम, यंत्रांना आपल्या पद्धतीने जागं करतो, विंडोज डिस्कवरची प्रत रॅममध्ये भरतं आणि मग प्रत्येक ड्रायव्हरला निरोप जातो की वीज परत आली आहे, आपलं यंत्र मांडून घे. एखाद्या ड्रायव्हरने हे अर्धवट केलं तर दोनांपैकी एक घडतं. यंत्र हाकच देत नाही, किंवा ते हाका मारत सुटतं आणि कोणीच "आलो" म्हणत नाही. पहिल्याला मुकं यंत्र म्हणू, दुसऱ्याला बोंबलणारं. दोघांचे उपाय वेगळे आहेत, म्हणून सुरुवात ओळखण्यापासून करायची.

यूएसबीचं एक लक्षात ठेवा. थंब मशीन किंवा प्रिंटर प्रोसेसरला थेट हाक देत नाही. यूएसबी कंट्रोलर त्यांना सारखं विचारत राहतो आणि प्रोसेसरला हाक तो देतो. म्हणून एकच यूएसबी यंत्र बंद पडलं असेल तर संशय त्या यंत्रावर किंवा त्याच्या सॉफ्टवेअरवर घ्या. माउस, प्रिंटर, थंब मशीन सगळं एकदम गेलं असेल तर कंट्रोलर झोपलेला आहे आणि थंब मशीनची वायर बदलून काही होणार नाही.

पायरी १ : मुकं की बोंबलणारं?

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. प्रोसेसेसच्या यादीत "सिस्टीम इंटरप्ट्स" नावाची ओळ शोधा. हा खरा प्रोग्राम नाही, हाकांना उत्तर देण्यात प्रोसेसरचा किती वेळ जातो त्याचा तो आकडा आहे. ठीक चाललेल्या मशीनवर तो शून्याच्या आसपास असतो, फार तर एक-दोन टक्के. उठल्यानंतर पहिली दोन मिनिटं सोडून द्या, तेव्हा सगळीच धावपळ चालू असते. त्यानंतरही आकडा १० टक्क्यांच्या वर ठाण मांडून बसला असेल तर एखादं यंत्र बोंबलतंय. आकडा शून्य आणि तरी टचपॅड किंवा वायफाय बंद, म्हणजे ते यंत्र मुकं आहे.

टचपॅड मेलेलं असताना हे कसं बघायचं? विंडोज बटण आणि एक्स दाबा, येणाऱ्या यादीत एम दाबलं की डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे सगळ्या यंत्रांची यादी, उघडतो. टॅब आणि बाणांच्या बटणांनी पुढे सरकता येतं, शिफ्ट आणि एफ१० ने उजव्या क्लिकची यादी निघते. साधा यूएसबी माउस ड्रॉवरमध्ये ठेवलेला असेल तर एवढी कसरत नको.

पायरी २ : दोष खरंच हायबरनेटचा आहे का?

शटडाउन नको, रीस्टार्ट करा. या दोघांत फरक आहे आणि नव्या माणसाला तो कोणी सांगत नाही. २०१२ च्या विंडोज ८ पासून "फास्ट स्टार्टअप" आलं. ते चालू असलं की शटडाउन दाबल्यावर तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर हायबरनेटच होतात. म्हणजे जो माणूस शपथेवर सांगतो की मी हायबरनेट वापरतच नाही, त्याचं मशीन रोज रात्री अर्धं हायबरनेट होत असतं. खात्री करायची असेल तर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू, आणि खाली "अप टाइम" बघा. रोज बंद केलेल्या मशीनवर तिथे वीस दिवस दिसले तर कारण हेच. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने उभं राहतं.

याहून पक्का पुरावा इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत मिळतो, स्टार्टमध्ये ते नाव लिहिलं की ती उघडते. विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टीम, तिथे "कर्नल-बूट" या नावाची २७ नंबरची नोंद शोधा. बूट टाइप ०एक्स० असेल तर मशीन पूर्ण बंद होऊन सुरू झालं, ०एक्स१ म्हणजे फास्ट स्टार्टअप, ०एक्स२ म्हणजे हायबरनेटमधून उठलं. त्याच वेळेच्या आसपास "कर्नल-पॉवर" ४१ दिसलं तर मशीन नीट बंदच झालेलं नव्हतं. बहुतेक वेळा हायबरनेटची प्रत लिहून व्हायच्या आत यूपीएसने मान टाकलेली असते. तो बिघाड इंटरप्टचा नाही, यूपीएसच्या बॅटरीचा आहे.

रीस्टार्टनंतर यंत्र चालतं आणि हायबरनेट केलं की पुन्हा जातं, असं दोन-तीनदा झालं तरच पुढे चला. रीस्टार्टनंतरही बंदच असेल तर हा लेख सोडून वायर, पोर्ट आणि यंत्र तपासा.

पायरी ३ : इंटरप्टच्या नावावर खपणारे दुसरे दोष

आपल्याकडे अर्थिंग हा मोठा ठग आहे. काळी माती उन्हाळ्यात आटते, भेगा पडतात आणि खड्ड्यातल्या पट्टीला माती नीट चिकटून राहत नाही. कित्येक घरांत तर तिसऱ्या पिनला तारच जोडलेली नसते. अशा ठिकाणी चार्जर लावला की टचपॅड वेड्यासारखं उड्या मारतं किंवा बोट ओळखत नाही. लाईन आल्यावरच आपण लॅपटॉप उठवतो, म्हणून वाटतं की हायबरनेटने बिघडलं. परीक्षा सोपी आहे. चार्जर काढून बॅटरीवर बघा. टचपॅड शहाण्यासारखं वागलं तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी सोडायला सांगा आणि ड्रायव्हरला हात लावू नका.

दुसरा ठग ऊन. मे महिन्यात अकोला, चंद्रपूरकडे पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याच्या खोलीत पंखा जोरात फिरणारच. सिस्टीम इंटरप्ट्सचा आकडा शून्य असेल तर पंख्याचा आवाज उन्हाचा किंवा जाळीत अडकलेल्या धुळीचा. जिनिंगजवळच्या दुकानांत कापसाची लव आत जाऊन बसते, ती ब्रशने काढा.

तिसरा खास थंब मशीनचा. आधारच्या पडताळणीसाठी आरडी सर्व्हिस नावाचा प्रोग्राम मागे चालू असावा लागतो. तो कॉम्प्युटरच्या आतच ११,१०० ते ११,१२० या पोर्टांपैकी (प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलायच्या नंबरांच्या खिडक्या, वायर लावायचं भोक नव्हे) एकावर कान लावून बसतो आणि पोर्टल त्याच्याशी बोलतं. हायबरनेटनंतर मशीनचा दिवा लागतो, डिव्हाइस मॅनेजरमध्ये ती व्यवस्थित दिसते, पण आरडी सर्व्हिस जुनाच धागा धरून बसलेली असते. विंडोज आणि आर दाबून "सर्व्हिसेस डॉट एमएससी" टाइप करा, त्या कंपनीच्या नावाची सर्व्हिस शोधा, उजवी क्लिक, रीस्टार्ट. थंब मशीनची बरीच दुखणी इथेच मिटतात, म्हणून ड्रायव्हरच्या आधी हे.

पायरी ४ : रांग उभी आहे, आत्ता काय?

मुळावरचा उपाय संध्याकाळी करा. आत्ता काम चालू करायचं असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये मुक्या यंत्रावर उजवी क्लिक करून "डिसेबल", दहा सेकंद थांबून "एनेबल". यामुळे ड्रायव्हर यंत्राची मांडणी पहिल्यापासून करतो आणि हाकेचा पत्ता पुन्हा लिहिला जातो. वायफाय आणि ब्लूटूथवर हे चांगलं चालतं. टचपॅड डिसेबल करण्याआधी मात्र दुसरा माउस लावून तो चालतोय हे बघा. डिस्क, प्रोसेसर आणि "सिस्टीम डिव्हाइसेस"खालच्या कशालाही डिसेबल करायचं नाही. पडदा काळा राहिला असेल आणि मशीन चालू वाटत असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा, ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो.

सगळी यूएसबी यंत्रं गेली असतील तर रीस्टार्टच करा. डेस्कटॉपवर कंट्रोलर डिसेबल केला तर कीबोर्ड आणि माउस दोन्ही जातील आणि एनेबल करायला काही हातात उरणार नाही.

आणि एक, विषयाबाहेरचं पण सांगायलाच हवं. पीक विम्याचा किंवा दाखल्याचा ऑनलाइन फॉर्म हायबरनेटने वाचत नाही. पान तसंच दिसतं, पण पोर्टलने तोवर तुम्हाला लॉगआउट केलेलं असतं. अंगठा लागत नाही याचं कारण कधीकधी तेवढंच असतं. पान नव्याने उघडा.

पायरी ५ : मुक्या यंत्राचा पक्का बंदोबस्त

एका वेळी एकच बदल. बदल केला की रीस्टार्ट, सगळी यंत्रं चालतात ना ते बघणं, मग हायबरनेट, पाच मिनिटं थांबणं, उठवणं, पुन्हा बघणं. वहीत लिहा. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन नीट झालं, तर कशाने झालं हे कळत नाही आणि पुढच्या विंडोज अपडेटनंतर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

सगळ्यात आधी हायबरनेटची फाइल नवी करा. स्टार्टमध्ये "सीएमडी" लिहा, उजवी क्लिक, "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर". तिथे पॉवरसीएफजी हा एकच सलग शब्द, जागा, तिरपी रेघ आणि एच, जागा, ऑफ. एंटर. मग तीच ओळ ऑफच्या जागी ऑन लिहून. जुनी फाइल पुसली जाते आणि नवी तयार होते. ही फाइल साधारणपणे रॅमच्या ४० टक्के असते, ८ जीबी रॅमला सव्वातीन जीबीच्या आसपास, तेवढी जागा सी ड्राइव्हवर हवी. त्याच खिडकीत पॉवरसीएफजी, जागा, तिरपी रेघ आणि ए लिहिलं की मशीनला कोणकोणत्या झोपा येतात त्याची यादी मिळते. हायबरनेट त्यात नसेल तर कारणही तिथेच लिहिलेलं असतं.

मग फास्ट स्टार्टअप बंद करा. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, "चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू", तिथे "चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल" दाबल्यावर खालच्या खुणा बदलता येतात. फास्ट स्टार्टअपची खूण काढा, हायबरनेटची ठेवा. आता शटडाउन म्हणजे खरं शटडाउन आणि हायबरनेट तुम्ही सांगाल तेव्हाच. माझ्या मते गावातल्या प्रत्येक केंद्राने हे करावं, बिघाड असो वा नसो. मशीन सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागेल, लागू द्या.

त्यानंतर वीज वाचवण्याचे आगाऊ पर्याय. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक "यूएसबी रूट हब"च्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट नावाचा टॅब असतो. "अलाऊ द कॉम्प्युटर टू टर्न ऑफ धिस डिव्हाइस टू सेव्ह पॉवर" याची खूण काढा. वायफाय कार्डावरही हेच. पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये "यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड" डिसेबल करा. बॅटरी थोडी लवकर उतरेल.

एवढ्यावर भागलं नाही तर ड्रायव्हर. प्रॉपर्टीजमधल्या ड्रायव्हर टॅबवर तारीख बघा. विंडोज अपडेटनंतर दुखणं सुरू झालं असेल तर "रोल बॅक ड्रायव्हर" दाबा. नाही तर लॅपटॉपच्या खाली छापलेला मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या साइटवरून आधी चिपसेटचा आणि मग त्या यंत्राचा ड्रायव्हर घ्या. चिपसेट आधी, कारण हाका पोचवणारी व्यवस्था त्याच्याकडे असते. एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर बदलून देणारी फुकट सॉफ्टवेअरं वापरू नका, ती कुठल्या मॉडेलचं काय टाकतील सांगता येत नाही.

बायोस अपडेट हा शेवटचा उपाय, आणि उठण्याचं बरंचसं काम बायोसच करतो म्हणून तो कधीकधी एकटाच पुरतो. पण मध्येच वीज गेली तर मशीन कायमचं मरू शकतं. लॅपटॉपची बॅटरी भरलेली आणि वर चार्जर इन्व्हर्टरवर, असं असेल तरच. बॅटरी मेलेल्या लॅपटॉपवर आणि यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर गावात बायोस अपडेट करू नका.

पायरी ६ : बोंबलणारं यंत्र शोधणं

इथे पद्धत वगळण्याची. सिस्टीम इंटरप्ट्सचा आकडा डोळ्यासमोर ठेवा आणि यूएसबीला लावलेलं एकेक काढत जा. कशावर आकडा धाडकन खाली आला, ते बघा. डिजिटल सहीचं टोकन हायबरनेट करताना लावून ठेवायची सवय असेल तर ती मोडा, सुरक्षेसाठीही ते बरं. बाहेरचं सगळं काढूनही आकडा तसाच असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्ड रीडर, ब्लूटूथ, लॅनचं पोर्ट, साउंड, वायफाय असं एकेक डिसेबल करून बघा. वापरात नसलेला कार्ड रीडर सापडला तर तो डिसेबलच राहू द्या, कोणाचं काही अडत नाही.

लॅटन्सीमॉन नावाचा प्रोग्राम कोणत्या ड्रायव्हरची फाइल किती वेळ खाते ते नावानिशी दाखवतो. वगळून सापडलं नाही तर तो चालवा.

डिव्हाइस मॅनेजरच्या व्ह्यू मेनूत "रिसोर्सेस बाय टाइप" निवडलं तर इंटरप्टची पूर्ण यादी दिसते. तिथे उणे आकडे बघून घाबरू नका, ती एमएसआय वापरणारी यंत्रं आहेत. एकाच नंबरवर दोन-तीन यंत्रं असणंही चालतं. पण बोंबलणारं यंत्र अशा वाटून घेतलेल्या तारेवर असेल तर शेजारची यंत्रंही अडखळतात, तेव्हा यादीत शेजारी कोण आहे ते बघून ठेवा.

लिनक्सवाल्यांसाठी

उबंटू किंवा बॉस (भारतात बनवलेलं लिनक्स) यांवर हे शोधणं उलट सोपं जातं. टर्मिनलमध्ये कॅट, जागा, आणि मग प्रॉक फोल्डरमधली इंटरप्ट्स ही फाइल. प्रत्येक यंत्राने आजवर किती हाका दिल्या ते समोर येतं. दहा सेकंदांनी पुन्हा बघा. टचपॅडवर बोट फिरवूनही त्याचा आकडा हलत नसेल तर ते मुकं. एखादा आकडा लाखांनी पळत असेल तर बोंबलणारं. डीमेसग या कमांडच्या उत्तरात "नोबडी केअर्ड" असं वाक्य आलं असेल तर एका तारेवरच्या १,००,००० हाकांपैकी ९९,९०० ला कोणीच उत्तर दिलं नाही म्हणून कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, ती तार स्वतःच बंद केली आहे. तारेचा नंबर त्याच ओळीत असतो. मुक्या टचपॅडसाठी मॉडप्रोब या कमांडने पीएसमाउस हे मॉड्यूल (लिनक्समधला ड्रायव्हर) काढून पुन्हा चढवा. नवीन लॅपटॉपमध्ये टचपॅड आयटूसी नावाच्या वेगळ्या जोडणीवर असतं, तिथे मॉड्यूलचं नाव वेगळं असेल.

विंडोजवाल्यांनाही शेवटच्या परीक्षेला लिनक्सच लागतं. वरचं सगळं करून थकलात तर पेन ड्राइव्हवर उबंटू घ्या आणि काहीही इन्स्टॉल न करता, "ट्राय" निवडून मशीन त्यावर सुरू करा. विंडोज हायबरनेट केलेलं असेल तर आधी पूर्ण शटडाउन करा आणि उबंटूमधून सी ड्राइव्हला हात लावू नका, फायली खराब होतील. रुसलेलं यंत्र तिथे मुकाट चाललं तर हार्डवेअर ठीक आहे, दोष विंडोजच्या ड्रायव्हरचा, आणि दुकानदाराला तेवढंच काम सांगा. तिथेही मेलेलं असेल तर फॉरमॅटचे पैसे देऊ नका. मशीन उघडायला सांगा, आतली पट्टीची वायर सैल आहे का ते बघायला लावा.